रोजच्या गाडीला परफॉर्मन्स ब्रेक पॅड : कोणते घ्यावेत आणि मुरवावेत कसे

जालन्याच्या एका गाडीमालकांनी विचारलं आहे. पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. रोज जालना ते शेंद्रा एमआयडीसी जाणं-येणं, आणि महिन्या-दोन महिन्यांतून सासुरवाडीला चाळीसगावला, म्हणजे कन्नडचा औट्रम घाट उतरून. मागच्या खेपेला गाडीत चार माणसं आणि सामान होतं. घाट संपता संपता जळका वास आला आणि पेडल मऊ होऊन खाली गेलं. शिवाय मागे एकदा पॅड बदलल्यापासून ८० च्या वेगावर ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. मित्र म्हणतो, रेसचे पॅड टाक, प्रश्न मिटला. तर कोणते पॅड घ्यावेत, आणि ‘नवे पॅड आहेत, थोडे दिवस सांभाळून चालवा’ असं गॅरेजवाला म्हणतो त्याचा नेमका अर्थ काय?

पॅड विकत घेण्याआधी पेडलबद्दल बोलू. घाटात तुमचं पेडल मऊ होऊन खाली गेलं, म्हणजे पॅड हा तुमचा पहिला गुन्हेगार नाही. पॅड तापून हरले तर पेडल कडकच राहतं, जागेवर असतं, पण कितीही जोर लावला तरी गाडी थांबायचं नाव घेत नाही. पेडल स्पंजासारखं दबून खाली जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय त्या बुडबुड्यांवर खर्च होतो. या दोन तक्रारींचा इलाज वेगळा आहे. गॅरेजमध्ये मात्र दोन्हींना ‘ब्रेक लागत नाही’ असं एकच म्हणतात आणि पॅड बदलून देतात.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ३, डॉट ४ हे त्याचे दर्जे; नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत घसरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असेल तरी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते अजिबात टाकू नका. नाव सारखं दिसतं म्हणून दुकानदार कधी कधी तेच पुढे करतो. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपल्याकडे इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारी माणसं ब्रेक ऑइलला चार-चार वर्षं हात लावत नाहीत. तुम्हीही बदललं नसेल, तर आधी ते पूर्ण काढून नवं डॉट ४ भरा आणि चारही चाकांची एअर काढून घ्या. एवढ्यानेच घाटातली निम्मी भीती जाईल.

आता उष्णतेचा हिशोब बघा, म्हणजे पॅडकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. माणसांसकट गाडी १३०० किलोची धरा. १०० च्या वेगावरून ती पूर्ण थांबवली की साधारण ५०० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन डिस्क मिळून १० किलोच्या असतील तर एका थांबण्यात त्यांचं तापमान ७५ अंशांच्या आसपास वाढतं. आणि घाट? ३०० मीटर उंची उतरताना त्याच गाडीतून ३८०० किलोज्यूल बाहेर पडायला लागतात. म्हणजे १०० वरून सात-साडेसात वेळा थांबण्याइतकी उष्णता, तीही हळू वेगात, जेव्हा डिस्कला वारा कमी लागतो. यातला काही भाग हवा घेते आणि बराचसा इंजिन घेऊ शकतं, पण तुम्ही गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तरच. न्यूट्रल करून घाट उतरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते सगळी उष्णता ब्रेकवर टाकतात, वर इंजिन बंद केलं तर दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर बूस्टरचा, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागाचा व्हॅक्यूमही संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. हे कृपा करून करू नका, कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

या हिशोबातली मुद्द्याची गोष्ट अशी, की पॅड बदलल्याने उष्णता कमी होत नाही. ती तेवढीच तयार होते. चांगला पॅड जास्त तापमानातही पकड सोडत नाही, एवढाच त्याचा गुण. उष्णता साठवायची आणि हवेत सोडायची हे काम डिस्कचं. म्हणून झिजून पातळ झालेल्या डिस्कवर महागडे पॅड टाकणं हा पैशाचा अपव्यय आहे.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, आणि आत्ताच्या पॅडवरही करकचून ब्रेक मारला की पायाखाली खडखड होऊन ते चालू होत असेल, तर एका थांबण्याचं अंतर परफॉर्मन्स पॅडने कमी होणार नाही. ते अंतर आता टायर ठरवतोय. टायर टणक झाले असतील तर आधी पैसे तिकडे घाला. चांगल्या पॅडचा फायदा दिसतो तो पाचव्या-सहाव्या जोरदार ब्रेकला, घाटाच्या शेवटच्या वळणाला, समृद्धी महामार्गावर १२० वर असताना पुढे अचानक काही आलं तेव्हा. आणि पेडलच्या त्या खात्रीच्या पकडीत.

आता पॅडचे प्रकार. कंपनीतून येणारे पॅड बहुतेक सेंद्रिय मसाल्याचे असतात: रेझिन, तंतू, रबर, घर्षणाची पूड, थोडा धातू. ते शांत असतात, थंडीत पहिल्या दाबाला धरतात, डिस्क कमी खातात, पण तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे त्यांची पकड सुटू लागते. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंड, तांबं वगैरे धातूंचं प्रमाण मोठं, ३० ते ६५ टक्क्यांपर्यंत. ते उष्णता चांगली सोसतात. पण आवाज जास्त, काळी धूळ जास्त, डिस्कची झीज जास्त, आणि धातू असल्याने उष्णता कॅलिपरकडे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), म्हणजे त्यातल्या ऑइलकडे लवकर पोचते. तुमचं ऑइलच आधी उकळलं होतं हे इथे लक्षात ठेवा. सिरॅमिक पॅड स्वच्छ आणि शांत, अलॉय व्हीलवर धूळ फार बसत नाही, पण पहिल्या दाबाची पकड काहींना मवाळ वाटते.

आणि रेसचे पॅड. मित्राला प्रेमाने नाही म्हणा. ट्रॅकसाठी केलेला मसाला एक-दोनशे अंश तापल्यावर जागा होतो. तुम्ही डिसेंबरच्या सकाळी सहा वाजता घरातून निघता, दोनशे मीटरवर शाळेच्या गाडीमागून पोर धावत येतं, त्या वेळी डिस्क १२ अंशांवर असते. त्या पहिल्या ब्रेकला जो पॅड धरतो तोच रोजच्या गाडीचा पॅड. दहावा ब्रेक त्यानंतर. माझ्याकडे कुणीही रोजच्या गाडीला ट्रॅकचे पॅड मागितले तर मी बसवून देत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तुम्हाला हवा तो ‘स्ट्रीट परफॉर्मन्स’ नावाने मिळणारा मधला वर्ग. उदाहरणच द्यायचं तर ईबीसी या पॅड बनवणाऱ्या कंपनीच्या रांगेत ग्रीनस्टफ रस्त्यासाठी, यलोस्टफ त्याहून जास्त तापमानासाठी आणि ब्लूस्टफ ट्रॅककडे झुकलेला. तुमच्या वापराला पहिला पुरे, घाटाच्या फेऱ्या वाढल्या तर दुसरा. पण नावापेक्षा पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरं बघायला शिका: एफएफ, जीएफ, एफई अशी. पहिलं अक्षर कमी तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर समजा, तापल्यावर हा पॅड उतरतो, घाटाला नको. एफएफ तुम्हाला योग्य. जीजी बघून हुरळू नका: पुढची पकड फार वाढली आणि मागचे ड्रम होते तसेच राहिले तर गाडी नाकावर येते, आणि गुळगुळीत ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर सुटायला बघतात. ही अक्षरं झीज, आवाज, आयुष्य यांबद्दल काही सांगत नाहीत. दोन एफएफ पॅड अगदी वेगळे निघू शकतात. तरीही ज्या पॅडवर अक्षरंच नाहीत, बॅच नंबर नाही, तो घेऊ नका. नकली माल भरपूर आहे, आणि डबा हुबेहूब असतो. पक्कं बिल देणाऱ्या डीलरकडूनच घ्या. भोकं पाडलेल्या डिस्कचा मोह टाळा. छोट्या गाडीला त्यांचा उपयोग नाही, आणि भोकांच्या कडेने तडे जातात.

स्टेअरिंगच्या थरथरीकडे येतो, कारण ती सोडवल्याशिवाय नवे पॅड टाकले तर महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत याल. ‘डिस्क वाकडी झाली’ असं सरसकट सांगितलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते; तिच्या पृष्ठभागावर पॅडचा मसाला कुठे जाड कुठे पातळ चिकटलेला असतो, किंवा तिची जाडी जागोजागी शतांश मिलिमीटरने वेगळी झालेली असते. पॅड त्या उंचवट्यावरून गेला की धक्का, तोच स्टेअरिंगला जाणवतो. याचं मूळ दोन ठिकाणी सापडतं. एक, पॅड मुरवताना झालेली घाई. दुसरं, हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा गंज.

हे दुसरं मी जवळून दाखवतो. चाक काढा, कॅलिपर बाजूला बांधा (ब्रेकच्या नळीवर लटकवू नका), डिस्क ओढून काढा. मागे हबचा जो सपाट चेहरा दिसतो, त्यावर काळ्या मातीचा वाळलेला चिखल आणि गंजाची खवलं धरलेली असतात. आपली माती एकदा ओली होऊन वाळली की सिमेंटसारखी बसते. बोटाने जाणवणारही नाही असं एक खवल तिथे राहिलं, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा वाढतो. ०.०५ ते ०.१ मिलिमीटर एवढाच सहसा चालतो. मग प्रत्येक फेरीत पॅड एकाच जागी घासतो आणि काही हजार किलोमीटरवर थरथर सुरू. म्हणून तारेच्या ब्रशने हब चकचकीत करायचा, डिस्कची मागची बाजूही, आणि मगच डिस्क बसवायची. नट एअर गनने कडकड आवळू न देता टॉर्क पान्याने, एकाआड एक. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कमी-जास्त आवळलेले नटसुद्धा डिस्कला तिरकं करतात.

डिस्क हातात आहे तोवर जाडी मोजून घ्या. किमान जाडी तिच्यावरच ठोकलेली असते. मोजमाप त्याच्या जवळ आलं असेल तर लेथवर फेसिंग (पृष्ठभाग तासून सपाट करणं) करून घेऊ नका, नवी जोडी घ्या. जाडी पुरेशी असेल आणि थरथर असेल तर हलकं फेसिंग योग्य. थरथर नसती, तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल गोल घासून जुन्या मसाल्याचा थर काढला असता तरी भागलं असतं. वेगळ्या मसाल्याचे पॅड टाकताना जुना थर काढावाच लागतो. नंतर ब्रेक क्लीनरने पुसा. नव्या डिस्कवर तर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते पुसलं नाही तर पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ती छातीत जाते.

कॅलिपरच्या पिना हाताने आत-बाहेर सरकल्या पाहिजेत. अडकल्या असतील तर रबरी बूट फाटून धूळ आत गेली आहे. बूट बदला, पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. आणि नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी, उभ्या जागी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल रिकामं खाली जातं. गॅरेजमधून गाडी बाहेर काढतानाच भिंतीवर जाते ती यामुळे. मागच्या ड्रमचे लायनर याच वेळी उघडून बघा आणि सेट करून घ्या.

आता मुरवणं. नवा पॅड आणि साफ डिस्क यांच्यात सुरुवातीला फक्त खरवडणं चालू असतं. नियंत्रित उष्णता दिली की पॅडच्या मसाल्याचा अगदी पातळ, सलग थर डिस्कवर बसतो, आणि मग खरी पकड तयार होते: मसाल्यावर मसाला. डिस्क बिडाचीच असते. बिडाचा नवा तवा आपण मंद आचेवर तेल फिरवून मुरवतो, एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर डाग पडतात, तसंच हे. त्याच वेळी पॅडमधल्या रेझिनचे वायूही निघून जातात. ते न काढता गाडी थेट घाटात नेली तर हे वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतात आणि नवेकोरे पॅड अचानक धरत नाहीत.

वेळ पहाटेची घ्या, रस्ता सरळ, कोरडा, मागे-पुढे कुणी नाही असा. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतले रुंद रस्ते रविवारी पहाटे रिकामे असतात, पहिल्या टप्प्याला ते बरे. समृद्धी महामार्गावर हा प्रयोग करू नका, तिथे अचानक हळू होणारी गाडी मागच्याचा जीव घेईल. ऊस तोडणीच्या दिवसांत जालना-बीड बाजूला बिनदिव्याच्या ट्रॉली अंधारात उभ्या असतात, तेव्हा चांगलं उजाडल्यावरच निघा.

आधी चार-पाच किलोमीटर साधी चालवून हलके ब्रेक मारत डिस्क कोमट करा. मग ५० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. १० वर आलात की पाय काढा, पुन्हा वेग घ्या, मध्ये चार-पाचशे मीटर वारा लागू द्या. मग वेगमर्यादा परवानगी देते अशा मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत, थोडा जास्त जोर, सहा-आठ वेळा. एबीएस चालू होईल इतका जोर नको. या टप्प्यात किंचित जळका वास येईल, तो अपेक्षित आहे. धूर निघाला किंवा पेडल बदललं तर थांबवा आणि गार करा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा, आणि गाडी लावताना पेडल दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी दाबून ठेवला की त्या जागी मसाल्याचा ठसा उमटतो, आणि थरथरीचा जन्म तिथेच होतो. मागेही डिस्क असलेल्या गाडीला हँडब्रेकही लावू नका; गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. तासभर गार होऊ द्या. पाण्याने धुवायला तर मुळीच नेऊ नका.

कंपनीने डब्यात वेगळी पद्धत छापली असेल तर माझं बाजूला ठेवा आणि तिचं ऐका. काही पॅड कारखान्यातच भाजून येतात, त्यांना कमी फेऱ्या पुरतात.

गार झाल्यावर चाकाच्या जाळीतून डिस्क बघा. सगळीकडे सारखा, मंद करडा, किंचित निळसर रंग दिसला तर काम झालं. पॅडच्या आकाराचे गडद ठसे दिसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी करा. तरी राहिले तर पॉलिश पेपर. आरशासारखी चमक आली असेल तर पॅडला काच धरली आहे, म्हणजे तो वरून गुळगुळीत होऊन पकड सोडतोय. हे उलट्या चुकीने होतं: पहिले काही दिवस पॅडला जपत फक्त पाय टेकवत गाडी चालवली की. ‘सांभाळून चालवा’ याचा अर्थ ब्रेक हळूच लावा असा नाही. पुढचे तीनएकशे किलोमीटर वेग कमी ठेवा, अंतर जास्त ठेवा, पण ब्रेक मारायचा तो नीट, ठाम मारा आणि सोडा. या काळात चाळीसगाव नको.

त्यानंतर घाटात जाल तेव्हा ज्या वळणाला जो वेग हवा, तो देणारा गिअर आधीच टाकून ठेवा, बहुधा दुसरा. पेडलवर पाय घासत ठेवण्यापेक्षा ठाम ब्रेक मारून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात डिस्क श्वास घेते. खाली पोचल्यावर लगेच चहाला थांबू नका, दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर वारा घेऊन मग थांबा.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते. त्याची चिंता नको. नव्या पॅडनंतर अचानक कर्कश किंचाळी आली, ब्रेक न लावताही, तर पॅडला शिव्या देण्याआधी डिस्कमागच्या पत्र्यात बघा. रस्त्याच्या कामावरची खडी तिथे अडकते. पत्रा बोटाने हलकेच मागे ओढला की खडा खाली पडतो आणि आवाज बंद. या एका खड्यापायी लोकांनी चांगले पॅड फेकलेले मी पाहिले आहेत.

पाच-सहाशे किलोमीटर झाले की एकदा चाकं काढून आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी धरून बघा. दोन्हींची झीज सारखी हवी. आतला जास्त खाल्ला असेल तर पिन किंवा पिस्टन अडकतोय, आणि तो आत्ताच सोडवला तर पॅडचा संच वाचेल. नंतर दर सर्व्हिसिंगला हेच बघायचं; मसाला ३ मिलिमीटरवर आला की नवी जोडी, दोन्ही चाकांची एकदम.